पुण्यात स्तनातील गाठींच्या निदानासाठी स्वतंत्र क्लिनिक सुरू करायचे असल्यास त्याची रचना कशी असावी?

अशा क्लिनिकचा कणा म्हणजे त्रिविध तपासणी: डॉक्टरांनी हाताने केलेली तपासणी, मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) किंवा सोनोग्राफी, आणि गरज भासल्यास सुईने घेतलेला नमुना. हे सारे शक्यतो एकाच भेटीत व्हावे, कारण भोर किंवा मंचरहून एसटीने आलेल्या स्त्रीला तीन वेगवेगळ्या दिवशी बोलावले, तर तिसऱ्या खेपेस ती येईलच याची खात्री नसते. म्हणून आठवड्यातील एक दिवस ठरवून सर्जन आणि रेडिओलॉजिस्ट दोघेही त्या दिवशी तिथेच उपलब्ध असावेत.

चाळिशीच्या आतील स्त्रियांच्या स्तनांतील ऊती बहुधा दाट असल्याने त्यांची सोनोग्राफी आधी करतात. त्यापुढील वयात मॅमोग्राफीला प्राधान्य मिळते. कोअर बायोप्सीचा, म्हणजे जाड सुईने काढलेल्या गाठीच्या तुकड्याचा, अहवाल मात्र त्याच दिवशी देण्याचे आश्वासन देऊ नये, कारण हार्मोन रिसेप्टरच्या (कर्करोगाची गाठ हार्मोनवर वाढते का हे पाहणाऱ्या) चाचण्यांसाठी नमुना फॉर्मेलिन या टिकवण्याच्या द्रावणात 6 ते 72 तास राहावा लागतो. अहवालाची तारीख लेखी देऊनच रुग्णाला घरी पाठवावे. तिन्ही तपासण्यांचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नसतील, तर पॅथॉलॉजिस्टसह एकत्र बसून बायोप्सी पुन्हा करायची का, हे ठरवावे. माझ्या मते क्लिनिकचा खरा दर्जा इथेच कळतो.

सोनोग्राफी यंत्रासाठी पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान प्रतिबंधक) कायद्याखाली नोंदणी आणि मॅमोग्राफी यंत्रासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. यंत्रे मागवण्यापूर्वीच ही कागदपत्रे हाती घ्यावीत.