वाचकांचे प्रश्न : कपाटातली बाग, तिचा उजेड आणि तिचा वारा

घरातले एक लाकडी कपाट रिकामे झाले आहे : 90 सेंमी रुंद, 60 सेंमी खोल, 2 मीटर उंच. खोलीत ऊन येत नाही. कपाटात लेट्यूस आणि बेसिल लावायचा विचार आहे, जमल्यास मिरचीही. दिवा किती वॅटचा घ्यावा? एकाच आकाराच्या दिव्यांवर कुठे 75, तर कुठे 1000 लिहिलेले असते.

तो 1000 चा आकडा विसरा. तो जुन्या प्रकारच्या दिव्यांशी केलेली तुलना असते. खोक्याच्या कडेला किंवा ड्रायव्हरच्या (एलईडीला योग्य वीज पुरवणाऱ्या डबीच्या) पट्टीवर बारीक अक्षरांत प्रत्यक्ष वीजवापर छापलेला असतो, तोच खरा. तो कुठेच दिला नसेल, तर दिवा घेऊ नका.

आता हिशेब. वनस्पतीला मिळणारा उजेड मायक्रोमोलमध्ये मोजतात, म्हणजे एका चौरस मीटरवर एका सेकंदात किती प्रकाशकण पडतात ते. पीपीएफडी हे नाव याच मापाचे. लेट्यूस आणि बेसिलला 200 ते 250 पुरतात. मिरची फळावर यायची असेल, तर 400 ते 500 हवेत. तुमच्या कपाटाचा तळ 0.54 चौरस मीटर आहे. 250 ला 0.54 ने गुणले की 135 येतात. भिंतींत, दारावर आणि वाटेत साधारण पाव भाग वाया जातो, म्हणून दिव्यातून 180 निघायला हवेत. चांगला एलईडी दर वॅटमागे सुमारे 2.5 मायक्रोमोल देतो. म्हणजे 72 वॅट झाले. हाच हिशेब मिरचीसाठी 450 धरून मांडला, तर 130 वॅट येतात.

आमचा सल्ला : डिमर (उजेड कमी-जास्त करायची सोय) असलेला 100 वॅटचा सपाट पॅनल घ्या आणि तीन चतुर्थांशावर चालवा. पहिल्या खेपेला मिरची नको. तिची भूक वेगळी, उंचीही वेगळी. तिच्यासाठी दिवा वर घेतला की खालचे लेट्यूस लांबुडके होते, खाली ठेवला की मिरचीचा शेंडा भाजतो. रंग साधा पांढरा, 3500 ते 4000 केल्विनचा निवडा. जांभळ्या दिव्याखाली रोपे वाढतात, पण पान पिवळे पडले आहे की हिरवे, हेच डोळ्यांना कळत नाही आणि रोग उशिरा सापडतो.

दिवा किती उंचीवर टांगायचा आणि किती तास लावायचा? मोबाइलवरच्या लक्स मोजणाऱ्या अ‍ॅपचा उपयोग होतो का?

होतो, पण तुलनेपुरता. पांढऱ्या एलईडीच्या बाबतीत लक्सला साधारण 70 ने भागले की मायक्रोमोल मिळतात, म्हणजे 250 साठी सुमारे 17,000 लक्स. मोबाइलचा आकडा बराच मागेपुढे असू शकतो. त्याचा खरा उपयोग मध्यभाग आणि चार कोपरे ताडून पाहायला आहे. कोपऱ्यात मध्यापेक्षा निम्मा उजेड असेल, तर दिवा थोडा वर घ्या आणि भिंतींकडे लक्ष द्या. आतून चकाकी नसलेला पांढरा रंग दिला की बहुतेक सगळा उजेड रोपांकडे परत येतो. स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियमचा कागद लावू नका. तो चुरगळतो, उजेड समान पसरत नाही आणि वायरजवळ तो वीजवाहक असतो, हा धोका वेगळाच.

शेंड्यापासून 45 सेंमीवर सुरुवात करा. नुकत्या उगवलेल्या रोपांना डिमर निम्म्यावर पुरतो. पुढचे रोपेच सांगतात. दोन पेरांतले अंतर वाढले, खोड बारीक होऊन कलले, तर उजेड कमी पडतो आहे. सर्वांत वरची पाने फिकट, पांढुरकी होत असतील आणि खालची हिरवीगार असतील, तर दिवा फार जवळ आहे. एका वेळी 5 सेंमीच हलवा आणि तीन-चार दिवस थांबा. पांढरे पडलेले पान पुन्हा हिरवे होत नाही, म्हणून निकाल नव्या पानांवर पाहा.

वेळ : 16 तास उजेड, 8 तास अंधार, तोही टायमरवर. हाताने लावणे-बंद करणे चार दिवस जमते, मग चुकते. पालक आणि कोथिंबीर मात्र 12 तासांवर ठेवा. दिवस मोठा झाला की ही पिके पाला सोडून फुलोऱ्यावर जातात. त्यांना तास कमी आणि उजेड थोडा जास्त, 300 पर्यंत, असा मेळ घाला.

पंखा कपाटाच्या आकारावरून निवडतात, असे ऐकले आहे. आमच्या कपाटाला केवढा लागेल? की दार उघडे ठेवले तरी भागेल?

दार उघडे ठेवून रोपे जगतात. पण उजेडाचा मोठा वाटा बाहेर सांडतो आणि पाठीमागच्या कोपऱ्यातली हवा तशीच कोंडलेली राहते.

आकारावरून पंखा निवडण्याची पद्धत अर्धीच बरोबर आहे. कपाट तापते ते दिव्यामुळे. दिव्यात गेलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी आतच उष्णता होऊन राहते, एलईडी असला तरी. म्हणून वाऱ्याचा हिशेब वॅटवरून करा : वॅटला 3 ने गुणा आणि खोलीपेक्षा जितके अंश जास्त चालतील त्याने भागा. उत्तर तासाला किती घनमीटर हवा हलवायची ते. 75 वॅट आणि 3 अंशांची सूट धरली, तर 75 घनमीटर. तुमच्या कपाटात जेमतेम एक घनमीटर हवा मावते, म्हणजे ती मिनिटाला एकदापेक्षा जास्त वेळा बदलायची आहे.

पंख्यावर छापलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो. पाइप, वळण, जाळी यांत त्यातला एक तृतीयांश सहज जातो. म्हणून तासाला निदान 115 घनमीटरचा हवा. 100 मिमी पाइपचा, वेग कमी-जास्त करता येणारा डक्ट फॅन घ्या आणि मंद चालवा, आवाजही कमी येतो. संगणकातला 12 सेंमीचा पंखा थेट भोकावर बसवला तर चालतो. त्याला पाइप जोडला की तो ढेपाळतो, कारण त्याच्यात दाब निर्माण करण्याची ताकद नसते. लवचीक पाइप पूर्ण ताणून बसवा. सुरकुत्या आणि वळणे हवा अडवतात.

हवा बाहेर काढणारे भोक वर, आत घेणारे खाली आणि विरुद्ध बाजूला. नवखे लोक इथेच सर्वांत जास्त चुकतात : पंखा चांगला घेतात आणि आत येणारी वाट बोटभर ठेवतात. 100 मिमी भोकाचे क्षेत्रफळ 78 चौरस सेंमी असते. आत येणारी वाट त्याच्या किमान दुप्पट हवी, कीटकांची बारीक जाळी लावणार असाल तर तिप्पट. होल सॉने (गोल भोक पाडणाऱ्या करवतीने) साडेबारा सेंमीची दोन भोके पाडली की काम झाले. पंखा चालू करून दार लावा आणि खालच्या भोकापाशी टिश्यू पेपरची पट्टी धरा. ती आत ओढली गेली पाहिजे. पट्टी हलत नसेल, तर हवा दाराच्या फटीतून शिरते आहे आणि तळाच्या रोपांपर्यंत वारा पोचतच नाही.

बाहेर काढलेली गरम हवा कपाटामागच्या चिंचोळ्या जागेत सोडू नका. ती भिंतीला लागून खाली उतरते आणि त्याच भोकातून परत आत येते. शिवाय खोलीलाही वाट हवी. कुंड्यांना घातलेल्या पाण्यापैकी बहुतेक सगळे वाफ होऊन खोलीत येते. रोज लिटरभर घातले, तर जवळपास लिटरभरच.

एक मर्यादा मात्र कोणताही पंखा ओलांडत नाही : कपाट खोलीपेक्षा थंड होणार नाही. खोली 30 अंशांवर असेल, तर कपाट 33 वर जाणारच, आणि लेट्यूसला ते सोसत नाही. अशा वेळी दिवा रात्री लावा, अंधार दिवसा द्या. ड्रायव्हर वेगळा काढता येत असेल, तर कपाटाबाहेर बसवा. साधारण दहावा हिस्सा उष्णता त्याच्याबरोबर बाहेर जाते.

हवा बाहेर काढणारा पंखा चालू असताना आत आणखी एक छोटा पंखा कशाला? आमच्या लेट्यूसच्या आतल्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी होत आहेत, त्याचा याच्याशी संबंध आहे का?

आहे. ही कॅल्शियमची कमतरता आहे, पण बहुधा मातीतली नाही. कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढते आणि जिथून बाष्प उडते तिथे पोचते. गड्ड्याच्या पोटातल्या कोवळ्या पानांभोवती हवा साचलेली असली, की तिथून बाष्प उडत नाही, कॅल्शियमही येत नाही आणि कडा मरतात. खत वाढवून हे थांबत नाही. 15 सेंमीचा क्लिपचा पंखा रोपांच्या थोडा वर, भिंतीकडे किंचित तोंड करून लावा. पाने हलकी थरथरली की पुरे. थेट झोत मारला, तर पाने कडेने वाळतात.

सकाळी दार उघडले की पानांवर आणि भिंतींवर पाणी असते. आता पानांवर पांढरी भुरीही दिसू लागली आहे. पंखा दिव्याच्याच टायमरवर आहे.

दोष त्या टायमरचाच. दिवा चालू असताना आतली हवा 25 अंश आणि 60 टक्के आर्द्रतेची होती असे धरू. तिच्या एका घनमीटरमध्ये जवळपास 14 ग्रॅम बाष्प असते. दिवा बंद होऊन तीच हवा 18 अंशांवर आली, की आर्द्रता 90 टक्क्यांवर जाते. त्यात रोपे आणि ओली माती भर घालत असतातच. पंखा बंद असला तर हे बाष्प जाणार कुठे? पंखा टायमरवरून काढा आणि रात्रभर मंद वेगात चालू ठेवा. पाणी दिवा लागल्यावर घाला, बंद होण्याआधी नाही. भुरी आलेली पाने आत न झटकता खुडून पिशवीत घाला. कुंड्यांमध्ये हात जाईल इतके अंतर ठेवा. भुरीला पान ओले असावेच लागत नाही, कोंदट हवा पुरते. त्यामुळे नुसती पाने पुसून ती जाणार नाही.

प्लायवूडच्या कपाटात पाणी आणि वीज एकत्र. काय सांभाळावे?

विजेचा बोर्ड तळाशी ठेवू नका, कुंड्यांच्या पातळीच्या वर आणि शक्यतो कपाटाबाहेर बसवा. प्रत्येक वायर बोर्डात शिरण्याआधी एकदा खाली झुकू द्या, म्हणजे ओघळलेले पाणी तिथेच गळून पडेल. 30 मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक स्विच या जोडणीवर असलाच पाहिजे. जास्तीची वायर गुंडाळून ठेवू नका, ती गुंडाळीत तापते. दिवा दोन स्वतंत्र हुकांवर टांगा. तळाला उभ्या कडांचा ट्रे ठेवा, नाहीतर प्लायवूड फुगते.

रोपे आणण्याआधी रिकाम्या कपाटात दिवा आणि पंखा चार तास चालवून पाहा. थर्मामीटर रोपांच्या शेंड्याच्या उंचीवर, कागदाच्या सावलीत टांगा. उघड्यावर ठेवला, तर दिव्याने तापून तो खोटा आकडा दाखवतो. खोलीपेक्षा 4 अंशांहून जास्त फरक दिसला, तर आधी आत येणारी भोके मोठी करा, पंखा नंतर बदला.