दुपारचे जेवण आणि ‘बार’ची पाटी

प्रश्न : आमच्या विश्रामबागेत घराजवळच एक कॅफे-बार सुरू झाला आहे. पुण्याची सून येत्या रविवारी मला व माझ्या यजमानांना तेथे दुपारी जेवायला नेऊ म्हणते. सोबत सतरा वर्षांची नात असेल. आम्ही कोणीच मद्य घेत नाही. जावे का? बिलात सेवा शुल्क लावले तर ते द्यावेच लागते का?
— एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर : अवश्य जावे. बार म्हटले की पडदे ओढलेली परमिट रूम आणि तिच्या शेजारी ‘फॅमिली रूम’ची वेगळी पाटी, हेच चित्र आपल्या पिढीच्या डोळ्यांसमोर येते. कॅफे-बारमध्ये ही भिंत बहुधा नसते. एका टेबलावर कॉफी, तर शेजारच्या टेबलावर बिअर, असा मामला असतो, आणि अवघडलेपण येते ते त्यामुळेच. (तासगावची द्राक्षे आणि पलूसचे वाइन पार्क मिरवणाऱ्या जिल्ह्याने वाइनच्या पेल्याला इतके दचकावे, याची मला गंमत वाटते.) राज्यात बिअर व वाइनसाठी 21, तर इतर मद्यासाठी 25 वर्षे वयाची अट आहे. त्यामुळे नात केवळ जेवणार असली तरी तिला कोणत्या भागात बसता येईल, हे आधी फोनवर विचारून घ्यावे. साडेबाराच्या सुमारास गेल्यास गर्दी कमी असते व खिडकीजवळची जागा मिळण्याचा संभव अधिक. मात्र थाळीसारखे सारे एकदम पुढ्यात येत नाही. पदार्थ मागवल्यावर करतात, त्यामुळे यजमानांना भूक सोसत नसेल तर सूप आधी सांगावे.

आता बिलाविषयी. साध्या उपाहारगृहात खाद्यपदार्थांवर 5 टक्के जीएसटी असतो व तो बिलात अडीच-अडीच टक्क्यांच्या दोन ओळींत दिसतो. मद्य जीएसटीच्या बाहेर असून त्यावर व्हॅट लागतो. म्हणजे आपल्या बिलात व्हॅटची ओळ दिसली तर ती कशाची, हे विचारलेच पाहिजे. सेवा शुल्क हा सरकारी कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये ते बिलात आपोआप लावण्यास मनाई केली आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मार्गदर्शक तत्त्वे ग्राह्य धरली. तेव्हा ते काढून टाकण्यास शांतपणे सांगावे, आणि वाढणाऱ्या मुलाने अगत्य केले असेल तर बक्षिसी थेट त्याच्या हातात ठेवावी.