आधी तंबोरा, मग सभागृह

ऑस्टिनहून एका आईचे चार पानी पत्र आले आहे आणि त्यात पाच प्रश्न आहेत. त्यांची १७ वर्षांची मुलगी गेली सहा वर्षे पुण्यातील गुरूंकडे झूमवर ख्यालगायन शिकते, गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा पूर्ण उत्तीर्ण झाली आहे, आणि आता तिला ‘गाणेच करायचे’ आहे. वडिलांना पोटापाण्याची काळजी वाटते, आजीला नातीच्या मराठीची, मुलीला पुण्यात एक वर्ष राहायचे आहे, आणि आईला सगळ्यांची मने सांभाळायची आहेत. परदेशात संसार केलेल्या कुणालाही हे घर ओळखीचे वाटेल. पण मला खरे अडवून धरले ते पत्राच्या दुसऱ्या पानाने. तो मजकूर असा आहे:

‘आमच्या शेजारच्या तमिळ कुटुंबातील मुलीचे अरंगेत्रम (शिकून तयार झाल्यावरचे पहिले जाहीर सादरीकरण) नुकतेच थाटात झाले. चारशे माणसे होती, छापील पुस्तिका होती. आपल्या मुलांसाठी असे काही का असू नये? ऑक्टोबरमध्ये सभागृह मिळते आहे, तबला आणि पेटी वाजवणारे ओळखीचे आहेत, तानपुरा तर काय, ॲपवर लावता येतो.’

‘तानपुरा तर काय’ हे तीन शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. ताई, तुमच्या पाच प्रश्नांपैकी चारांना मी शेवटी दोन-दोन ओळींत उत्तरे देईन, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. कारण माझ्या मते तुमच्या घरातील मुख्य अडचण ना वडिलांची आहे, ना आजीची, ना ऑक्टोबरची. सहा वर्षे गाणे शिकणाऱ्या मुलीच्या घरात तंबोरा नाही, ही ती अडचण आहे.

माझे माहेर मिरजेचे आहे, त्यामुळे या बाबतीत माझा पक्षपात गृहीत धरावा. तलवारींना धार लावणारी शिकलगार मंडळी एकोणिसाव्या शतकात सतार-तंबोरे घडवू लागली, ती आमची मिरज; २०२४ मध्ये तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पंढरपूरकडचे भोपळे गल्लीत वाळत पडलेले पाहतच आम्ही शाळेत जात असू. वडील रेल्वेच्या हिशेब खात्यात होते आणि गवई मुळीच नव्हते, पण पहाटे चहाच्या आधी तंबोरा जुळवल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे. मिरजेत राहिलेल्या थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची एक हकिकत ते आम्हाला नेहमी सांगत. १९३७ मध्ये दक्षिणेकडील प्रवासात प्रकृती बिघडल्यामुळे खाँसाहेब एका लहान स्टेशनावर उतरले, तिथेच अंथरूण घालायला सांगून त्यांनी तंबोरा जुळवून घेतला, आणि गातागाताच प्राण सोडला. हकिकतीच्या तपशिलात भक्तिभावाने थोडीफार भर पडली असेल. मला तिच्यातील क्रम महत्त्वाचा वाटतो: शेवटच्या घटकेलाही आधी तंबोरा जुळला, मग गाणे झाले.

ॲपला माझा विरोध आहे असे समजू नये. शाळेच्या बसआधी वीस मिनिटे मिळत असतील तर ॲप लावून खुशाल गावे. पण ॲप नेहमी जुळलेलेच असते, आणि नेमका तोच त्याचा दोष आहे, कारण जुळले की नाही हा निर्णय गाणाऱ्या मुलीला कधीच घ्यावा लागत नाही. तंबोऱ्याच्या चार तारा असतात: पहिली पंचमाची (प), मधली जोडी षड्जाची (सा) आणि चौथी खर्जाची, म्हणजे खालच्या सा ची. जोडीच्या दोन तारा किंचित विसंवादी असतील तर त्यांच्या नादात हेलकावे ऐकू येतात. खुंटी पिळत आणि मग मणी सरकवत त्या जवळ आणल्या की हेलकावे संथ होत जातात आणि एका क्षणी थांबतात. तो क्षण कानाने पकडणे हे स्वरज्ञानाचे पहिले खरे शिक्षण आहे, आणि ते तुमच्या मुलीला सहा वर्षांत मिळालेले नाही. मालकंसाला पंचम वर्ज्य म्हणून पहिली तार मध्यमात उतरवायची, पूरियाला निषादात लावायची, हे तिने परीक्षेच्या वहीत लिहिले असेलच; हाताने किती वेळा केले आहे, ते विचारून पाहा.

याच्या पुढची गोष्ट तर आणखी नाजूक आहे. घोडीवर, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्यावर, तारांखाली जो सुताचा दोरा असतो तो योग्य जागी बसला, म्हणजे जवारी (तारांचा गुंजणारा, भरीव नाद) खुलली, आणि चारही तारा जुळल्या, की खर्जाच्या तारेतून कुणी न छेडलेला गंधार (ग) ऐकू येऊ लागतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो पेटीच्या गंधारापेक्षा किंचित उतरलेला असतो, आणि यमनाचा किंवा भूपाचा गंधार लावताना गळ्याला त्याचाच आधार घ्यायचा असतो. फोनच्या इवल्या ध्वनिक्षेपकातून खर्जाचा गाभा उतरतच नाही, मग हा गंधार तरी भरून कसा ऐकू येणार? त्यातच शिकवणी झूमवर. झूम एकसारखा चालणारा आवाज हा गोंगाट समजून गाळून टाकते. म्हणजे पंख्याची घरघर आणि तंबोऱ्याचा नाद यांची त्याच्या लेखी एकच किंमत असते. गुरूंना तिकडे बहुधा तंबोऱ्याविना गाणेच ऐकू जात असणार. गायक-वादकांसाठी मूळ आवाज जसाच्या तसा पाठवण्याची सोय झूममध्ये आहे, ती आजच दोन्हीकडे सुरू करून घ्यावी. सहा वर्षे फी भरताना हे कुणाच्याच लक्षात आले नाही, याबद्दल मी तुम्हाला थोडे रागावणार आहे.

अर्थात रागावण्याचा अधिकार मला किती आहे, हे माझी धाकटी मुलगी सांगेल. ती सोळा वर्षांची असताना आम्हीही हेच केले. टोरांटोजवळ एक सभागृह घेतले, अडीचशे लोकांना बोलावले, बटाटेवड्यांची व्यवस्था माझ्याकडे आणि पुस्तिकेची तिच्या बाबांकडे होती. तंबोरा तेवढा एका परिचितांकडून त्या दिवसापुरता मागून आणला. सभागृहाच्या गार हवेत तो मध्यंतरापर्यंत पार उतरला. पडदा उघडला तेव्हा तबलजींनी ते उतरलेले वाद्य स्वतःपुढे ओढून घेतले, आणि पुढची दहा मिनिटे माझी मुलगी अडीचशे लोकांसमोर हात मांडीवर ठेवून, आपलेच वाद्य दुसरे कुणी जुळवते आहे हे पाहत बसली. त्यानंतरचा बागेश्री चांगला झाला असे सगळे म्हणाले. ती मात्र त्या दिवसानंतर आठ-नऊ वर्षे गायली नाही. मी ते मुलांचे लहरीपण समजत होते. खूप पुढे एकदा तिनेच सांगितले की त्या दहा मिनिटांत तिला आपण गायिकेचा वेष केलेली मुलगी आहोत असे वाटले होते.

पंचविसाव्या वर्षी तिने आपणहून आजोबांचा तंबोरा मागितला. तो आणताना एका विमान कंपनीने त्याची दांडी भोपळ्यापासून निखळवून आमच्या स्वाधीन केली आणि आम्हाला भरपाईचा एक अर्ज दिला, त्याची कथा वेगळी आहे. दुरुस्तीनंतर पहिले सहा महिने ती त्यावर नुसते सूर जुळवत बसे. आता गावात दौऱ्यावर आलेल्या गायिकांच्या मागे ती तंबोऱ्यावर बसते, सांगितले तर मधूनमधून आवाजाची साथ करते, आणि वर्षातून दोन-तीनदा कुणाच्या तरी दिवाणखान्यात वीस-पंचवीस श्रोत्यांपुढे ध्वनिवर्धकाशिवाय तासभर गाते.

रंगमंचाची वाट अशी मागच्या बाजूने जाते, हे आपण इकडे येऊन विसरलो. किशोरी आमोणकर सुरुवातीच्या काळात आई मोगूबाई कुर्डीकरांच्या दौऱ्यांत त्यांच्या मागे तंबोऱ्यावर बसत असत. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवातही मुख्य गायकाच्या मागे दोन तंबोरे घेऊन बसलेले शिष्य नीट पाहा. आलाप कुठे थांबवायचा, साथीदाराला खूण कशी करायची, खोकला आला तर काय करायचे, समोरच्या रांगेतील माणूस उठून गेला तर चेहरा कसा ठेवायचा, हे ज्ञान त्या जागेवरून जितके मिळते तितके पुढच्या जागेवरून मिळत नाही. आणि तुमच्या शेजाऱ्यांकडून काही घ्यायचेच असेल तर पुस्तिका घेऊ नका. मुलगी तयार झाली हे गुरूंनी ठरवायचे असते, ही त्यांची रीत घ्या. तुमच्या चार पानांत सभागृहाचे भाडे आहे, पण गुरूंचे मत एका ओळीतही नाही.

म्हणून ऑक्टोबरचे सभागृह सोडून द्या आणि त्या अनामत रकमेत थोडी भर घालून मिरजेहून तंबोरा मागवा. मागणी नोंदवताना मुलीची पट्टी, म्हणजे पेटीच्या कोणत्या पट्टीला सा धरून ती गाते ते, कळवावी. ती काळी चार किंवा पांढरी पाच असेल तर बायकी तंबोरा हवा, पुरुषी नव्हे, कारण त्याचा आकार आणि तारांची जाडी वेगळी असते. जवारी काढून द्यायला सांगावे, तारांचा एक जादा संच घ्यावा, आणि कापडी गवसणीवर विसंबून न राहता फायबरची कडक पेटीही घ्यावी. ऑस्टिनला माझ्या गावासारखी थंडी नाही, पण तुमच्याकडे वातानुकूलन अखंड चालत असणार आणि कोरड्या हवेत खुंट्या सैल पडून फिरू लागतात. खडूची पूड लावली की त्या धरतात. वाद्य हवेच्या झरोक्यासमोर ठेवू नये, नाहीतर भोपळ्याला तडा जातो. रोज सकाळी वीस मिनिटे तिने फक्त जुळवावे. पहिले काही आठवडे तार तुटेल, रडू येईल, शाळेला उशीर होईल. तुम्ही मदतीला फोनवरचा सूरमापक घेऊन धावू नका.

आता उरलेले प्रश्न. वडिलांना सांगावे की केवळ मैफलींवर घर चालवणारे गायक भारतातही थोडे आहेत आणि बहुतेक जण शिकवतात. त्यामुळे पदवी घेण्याला गाण्याची आडकाठी नाही आणि गाण्याला पदवीची नाही. पुण्यातील वर्षाबद्दल म्हणाल तर आधी तिला येत्या उन्हाळ्यात दोन महिने गुरूंसमोर बसू द्यावे, आणि त्यानंतरही तिची इच्छा टिकली तर प्रवेश मिळालेल्या महाविद्यालयाकडे एक वर्षाची मुदत मागावी. अशी परवानगी अनेक ठिकाणी मिळते. आजींची तक्रार अशी आहे की ‘ब्रजभाषेतल्या बंदिशी घडाघडा म्हणते आणि काकूला पत्र लिहिता येत नाही’. ही तक्रार रास्त आहे. त्यांच्याकडूनच तिने आठवड्याला एक अभंग अर्थासह शिकावा, ळ आणि च दोन्ही सुधारतील. महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात चित्रपटगीत गावे की नाही, हा वाद घालण्यात अर्थ नाही, मुलीला आवडत असेल तर गाऊ द्या.

तंबोरा पोहोचला की मला जरूर लिहा. मात्र त्या पत्रात कार्यक्रमाची तारीख नको. जोडी जुळवायला तिला पहिल्या दिवशी किती वेळ लागला आणि महिन्याने किती लागला, एवढेच कळवा. मी माझ्या मुलीचा हिशेब वहीत लिहून ठेवला आहे: पहिल्या दिवशी पन्नास मिनिटे, आणि तीही तिने मला खोलीबाहेर घालवून दिल्यानंतर.