"तुमच्याकडे किती दिवसांचा?"

श्रावण लागला की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो, ऑफिसात धर्माबद्दल विचारलं तर काय सांगायचं. एक केस सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

मुलगी सव्वीस वर्षांची, मंडणगडकडची, चिपळूणला एका फायनान्स कंपनीत नोकरीला. झोप नाही, ॲसिडिटी, डॉक्टरांनी माझ्याकडे समुपदेशनाला पाठवलेली. दोनतीनदा येऊन गेली तेव्हा कुठे खरं बाहेर आलं. जॉईन झाली त्या वर्षी कोणीतरी सहज विचारलं, "तुमच्याकडे किती दिवसांचा गणपती?" आणि हिच्या तोंडून निघून गेलं, "दीड दिवसाचा." झालं! मग दरवर्षी दीड दिवसाची सुट्टी घ्यायची, आल्यावर मोदकांच्या गप्पा मारायच्या, आणि यंदा ब्रँचच्या ग्रुपवर ठरलं की सगळ्यांच्या घरी दर्शनाला जायचं, आरत्या म्हणायच्या. हिच्या घरी गणपतीच नाही. बौद्ध घर.

"आजोबांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्यात ताई, त्यातली तिसरीच गौरी-गणपतीला देव मानणार नाही अशी. बाबासाहेबांचं आंबडवे आमच्याच तालुक्यात. आणि मी ऑफिसात गणपती बसवते," असं म्हणाली आणि रडलीच.

मी पटकन बोलून गेले, "अगं मग सांगून टाक ना, त्यात काय." ती गप्प झाली. चूक माझी होती. माझ्या आडनावाला कोणी पुढचा प्रश्न विचारत नाही. तिच्या ब्रँचला एक मुस्लिम सहकारी आहे, तो बिनधास्त सांगतो, आमच्याकडे नसतो पण माझे मोदक विसरू नका, विषय संपला. हिचं तसं नाही, हिने "बौद्ध" म्हटलं की समोरच्याच्या डोक्यात लगेच जात येते, गावात वाडी कुठली इथपर्यंत चौकशी जाते. १९५६ ला नागपुरात धम्म घेतला तरी कोकणातल्या चौकशा काही संपल्या नाहीत. तिला धर्म सांगायची भीती नव्हतीच, भीती होती ती त्यानंतरच्या नजरेची, आणि ती भीती खोटी आहे असं मी कुठल्या तोंडाने सांगणार?

म्हणून सांगायचंच असं मी ठरवलं नाही, ते तिच्यावर सोडलं. तिला सांगायचं होतं. मग एवढंच केलं की ग्रुपवर नाही, आधी एकाच माणसाला, जेवणाच्या सुट्टीत, आणि वाक्य छोटं. लोक इथेच घोळ घालतात, बिचकून एकदम इतिहास सांगायला लागतात नाहीतर आधीच माफी मागतात. माझ्यासमोर पाचसहा वेळा म्हणून बघितलं, पहिल्या दोन वेळा "सॉरी"ने सुरुवात, ते काढायला लावलं.

शेजारच्या टेबलवरच्या मॅडमना सांगितलं, "आम्ही बौद्ध, आमच्याकडे गणपती नसतो. तेव्हा नवीन होते, घाबरून खोटं बोलले. या दिवसांत आमच्याकडे वर्षावास असतो, विहारात ग्रंथवाचन चालतं." मॅडम जरा वेळ गप्प आणि मग म्हणे, "अगं पण गेल्या वर्षी सारणात गूळ किती घालायचा ते मला तू सांगितलंस की!" दोघी हसल्या.

सगळे असे नसतात. एकाने दोन दिवसांत आरक्षणाचा विषय काढलाच, खाजगी कंपनीत! त्यासाठीही वाक्य तयार होतं, "हा विषय मला ऑफिसात नको." तो अजून नीट बोलत नाही. न बोलू दे.

प्रसादाचं काय, हे तिने मला विचारलं. ते मी कशाला ठरवू? तिने ठरवलं, मोदक खायचा, आरतीला उभं राहायचं नाही. आईला मोदकही पटलेला नाही, ते घरचं भांडण चालू आहे.

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला. यंदा सुट्टी घेतली नव्हती, ब्रँचला ती आणि तो मुस्लिम सहकारी दोघंच, दिवसभरात तीन कस्टमर, आणि झोप येत होती म्हणे, भर दुपारी टेबलवरच.