जुन्या पत्रांत 'स. न. वि. वि.' लिहायचे, त्याचा अर्थ काय? आता ते का दिसत नाही?

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. वडीलधाऱ्यांना लिहिताना 'सप्रेम'च्या जागी 'साष्टांग', म्हणजे 'सा. न. वि. वि.', लहानांना अनेक आशीर्वाद. नात्याप्रमाणे मायना बदलायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांना एकच 'हाय', मग मायना उरणार कुठे! तेव्हा पोस्टकार्डावर जागेची चणचण, म्हणून असे संक्षेप सोयीचे. राहिलेला मजकूर 'ता. क.' (ताजा कलम) करून समासात आडवा. आमच्या आजीचं कार्ड वाचताना चारी बाजूंनी फिरवावं लागे.

हाताने पत्रं लिहिणं सुटून अक्षर बिघडल्याचं मला तेवढं वाईट वाटत नाही. मोडी लिपीही गेलीच की. गंमत म्हणजे दहावीच्या मराठीच्या पेपरात आता पत्र ई-मेलच्या नमुन्यात लिहायचं असतं, आणि तेही पेनाने!