एका प्रवासाचं भाडं दोनदा का?

प्रश्न : काकू, मी राजेंद्रनगरात राहते, पलासियाला एका दवाखान्यात काम करते. भंवरकुआंपर्यंत मॅजिक (शेअरची छोटी खासगी गाडी), तिथून बस. दोन्हींचे पंधरा-पंधरा, म्हणजे जाऊन-येऊन रोज 60 रुपये. पगार 11,000. बसचा पास मॅजिकमध्ये चालत नाही. दिल्लीसारखी आपल्याकडेही बायकांना बस फुकट झाली, तर माझं भागेल का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : अगं, सव्वीस दिवसांचे 1,560 होतात. पगाराचा जवळजवळ सातवा हिस्सा नुसता कामावर पोचण्यात जातो, हे मला सहन होत नाही.

दिल्लीत 29 ऑक्टोबर 2019 पासून बायका सरकारी बसमधून फुकट जातात, चांगलंच झालं. पण तुझे निम्मे पैसे मॅजिकवाल्याला जातात, ते तसेच जात राहतील.

मी 31 वर्षं एका आगारात तिकिटांचा हिशेब पाहिला. टप्प्याच्या भाड्यात पहिला टप्पा सगळ्यात महाग, पुढचे स्वस्त पडत जातात. एकाच बसने लांब जाणाऱ्याचं त्यात भलं होतं. मधे गाडी बदलणाऱ्याला मात्र तो महागडा पहिला टप्पा पुन्हा भरावा लागतो. तू काही हौसेने बदलत नाहीस, घरावरून सरळ बस नाही म्हणून बदलतेस. मग त्याचा भुर्दंड तुला का? लंडनमध्ये 2018 पासून तासाभरात कितीही बस बदलल्या तरी भाडं एकाच बसचं लागतं. इंदूरला 31 मे 2025 रोजी मेट्रोही सुरू झाली. तिचं तिकीटही वेगळंच राहिलं तर कुणाकुणाला तिसऱ्यांदा पहिला टप्पा भरावा लागेल.

पासाचंही तसंच. एकरकमी पैसे जिच्याकडे नसतात ती रोज सुटं तिकीट काढते आणि महिन्याला जास्त भरते. रोजच्या तिकिटांची बेरीज पासाइतकी झाली की उरलेले दिवस पैसे घेऊच नयेत. तिकिटाऐवजी प्रवासाचं कार्ड असलं की हे सहज जमतं.

गाडी बदलली तरी भाडं एकदाच घ्या, असा अर्ज पालिकेला करायचा. त्यातला तोटा भरायचा कुणी, हेही अर्जात लिहावं लागेल, नाहीतर स्वस्त केलेलं भाडं टिकत नाही. मुंबईत बेस्टचं किमान भाडं जुलै 2019 मध्ये 8 वरून 5 रुपये झालं आणि मे 2025 मध्ये 10 वर गेलं. म्हणून पालिकेच्या अंदाजपत्रकात दरवर्षीची रक्कम मागायची, आणि राजेंद्रनगर-भंवरकुआं छोटी बसही, त्याच तिकिटात.

महिनाभर बसची तिकिटं डब्यात टाक. मॅजिकचं तिकीट मिळत नाही, ते पैसे वहीत लिही. भंवरकुआंला तुझ्याबरोबर गाडी बदलणाऱ्या चौघी-पाचजणींनाही सांग. हिशेब पाठवा, अर्ज मी लिहून देते.