तीन होलचं सॉकेट आहे, मग वॉशिंग मशीनला करंट का येतो?

प्रश्न: आमचं घर जुनं आहे, नवीन वॉशिंग मशीन घेतलं तर ओल्या हाताने पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात. मेकॅनिक म्हणाला मशीन ठीक आहे, अर्थिंग बघा. ओळखीतले एक काका म्हणतात सॉकेटमध्ये न्यूट्रलवरून अर्थला वायरचा तुकडा जोडा, काम होईल. जोडू का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: ताई, तो तुकडा अजिबात जोडू नका, कुणालाही जोडू देऊ नका. पुढेमागे न्यूट्रल कुठे तुटला किंवा लूज झाला आणि मशीन चालू असलं तर त्याच तुकड्यातून 230 व्होल्ट थेट पत्र्यावर येतात, जीव जातो अशाने.

आता तीन होलचं म्हणाल तर जुन्या घरांत वरचं मोठं होल कितीदा नुसतंच असतं, मागे अर्थची हिरवी वायर लावलेलीच नसते. मशीनच्या आत विजेचा फिल्टर असतो (पाण्याचा नव्हे), त्याच्या करंटची थोडी गळती अर्थमधून जायला हवी, वाटच नसेल तर पत्र्यावर शंभर-सव्वाशे व्होल्ट दिसतात आणि झिणझिण्या येतात, म्हणजे मशीन खराबच असेल असं नाही. पण आतली एखादी वायर सोलून पत्र्याला टेकली असेल तरी सुरुवात अशीच होऊ शकते, म्हणून चेक होईपर्यंत प्लग काढूनच ठेवा.

लायसन्सवाला वायरमन बोलवा आणि टेस्टलॅम्प लावून दाखव म्हणा. 60 किंवा 100 वॉटचा जुना पिवळा बल्बच हवा, एलईडी नको, तो जराशा करंटवरही पेटतो. बल्ब आधी फेज-न्यूट्रलवर लावायचा, मग फेज-अर्थवर, दोन्हीकडे उजेड सारखाच पाहिजे. मंद पेटला किंवा पेटलाच नाही तर अर्थिंग कच्चं आहे नाहीतर नाहीच. नुसत्या मीटरवर विसंबू नका, लूज अर्थवरसुद्धा तो आरामात 220-230 दाखवतो. घरात आरसीसीबी (करंट अर्थकडे गळला की सप्लाय तोडणारा स्विच) असेल तर या टेस्टला तो ट्रिप होईल, घाबरू नका, उलट करंट अर्थकडे जातोय हे त्यातून कळतं.

पण बल्बला एक गोष्ट कळत नाही, कुणी आधीच तसा तुकडा मारून ठेवला असेल तरी तो फुल पेटतो. म्हणून फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा मेन स्विच बंद करून, सगळे प्लग काढून, न्यूट्रल आणि अर्थमध्ये कंटिन्युइटी, म्हणजे दोन्ही कुठे जोडलेले आहेत का, ते बघायला सांगा, मीटरने बीप दिला तर सॉकेट आणि बोर्ड उघडून तुकडा शोधून काढायचा.

हे किचन, गीझर, फ्रिज सगळ्याच सॉकेटना करून घ्या, एक ठीक निघालं म्हणून दुसरं ठीक असेल असं नसतं. अर्थिंगचा खड्डाच नसेल तर नवीन करून घ्या, असेल तर एप्रिल-मेमध्ये त्यात पाणी ओतत जा, कोरड्या मातीत अर्थिंग कमजोर पडतं. आणि 30 मिलीअँपचा आरसीसीबी नसेल तर याच कामात बसवून घ्या.